खोटी फेरारी, खरी फेरारी

जपानच्या सेगा कंपनीने १९८६ साली 'आउटरन' हा मोटारींचा खेळ आर्केडमध्ये आणला. त्याला शर्यत तरी कशी म्हणावी? त्यात कोणाला हरवायचे नसते; घड्याळाशी झुंजत समुद्रकाठच्या रस्त्याने पुढे जायचे असते. खेळाचे कर्ते यू सुझुकी ह्यांनी त्यासाठी युरोपात मोटारीने भ्रमंती केली होती. खेळणाऱ्याने आधी रेडिओवरची धून निवडावी आणि मग लाल, बिनटपाच्या गाडीतून सुसाट सुटावे. ही गाडी म्हणजे फेरारी टेस्टारोसाची उघडउघड नक्कल होती. परवाना मात्र कोणी घेतला नव्हता.

पुढे सेगाने तो रीतसर घेतला, आणि २००३ सालच्या 'आउटरन २'मध्ये फेरारीच्या गाड्या आपल्या खऱ्या नावांनिशी धावू लागल्या. ह्याच घराण्यातला 'आउटरन ऑनलाइन आर्केड' २००९ साली एक्सबॉक्स ३६० व प्लेस्टेशन ३ ह्यांच्या आंतरजालावरील दुकानांत विक्रीस आला. त्याची तबकडी निघालीच नाही. फेरारीशी झालेल्या कराराची मुदत सरली तसा तो २०१० साली सोनीच्या आणि २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून नाहीसा झाला. उलट १९८६चा मूळ खेळ, गाडीचे रूप थोडेसे बदलून, निन्टेन्डोच्या ३डीएसवर आणि नंतर स्विचवर नव्याने विकला गेला. परवानगीवाचून काढलेली गाडी पुसून पुन्हा रेखाटता आली. रीतसर करार केलेली गाडी मात्र जाताना अख्खा खेळच घेऊन गेली. हा न्याय आम्हांस विचित्र वाटतो.

ह्याचे मूळ विक्रीच्या स्वरूपात आहे. छापील पुस्तकाचा करार संपला तरी छापून झालेल्या प्रती पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात वर्षानुवर्षे सापडत राहतात. तबकडीवरच्या खेळाचेही तसेच होते. आंतरजालावरच्या दुकानात ढीग नसतो. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी प्रत निघते, आणि प्रत काढण्याचा हक्क त्या दिवशी जिवंत असावा लागतो. जुन्या खेळाची विक्री रोडावलेली असते; तेवढ्यासाठी डझनावारी मोटार-कंपन्यांशी आणि शिवाय गाण्यांच्या मालकांशी पुन्हा वाटाघाटी करणे परवडत नाही. मोटार-कंपनीलाही मिरवायचे असते ते नवे मॉडेल. तेव्हा खेळ बाजारातून जातो तो कोणाच्या रागामुळे नव्हे, तर हिशेबामुळे.

नाव नसले तर किती अडते, हे पोर्शेच्या उदाहरणावरून दिसते. 'नीड फॉर स्पीड' मालिकेच्या ईए कंपनीने २००० सालच्या सुमारास पोर्शेचा परवाना जवळजवळ एकट्यापुरता बांधून घेतला, तो २०१६च्या अखेरीपर्यंत. इतरांनी मग रूफ ह्या जर्मन कंपनीच्या गाड्यांवर भागवले. रूफ पोर्शेच्या सांगाड्यावर गाड्या बांधते, पण कायद्याच्या लेखी ती स्वतंत्र उत्पादक. रूफ हे मोटारींच्या जगातले केवढे मोठे प्रस्थ असावे, असा समज 'ग्रान टुरिझ्मो' खेळून वाढलेल्या कित्येकांचा झाला असेल! खुद्द मायक्रोसॉफ्टचा 'फोर्झा मोटरस्पोर्ट ४' २०११ साली पोर्शेविनाच निघाला. त्या गाड्या पुढच्या वर्षी वेगळ्या पुरवणीतून आल्या.

काही खेळांना ठिगळ लावता येते. 'क्रेझी टॅक्सी' २०१० साली आंतरजालावर विक्रीस आला, तेव्हा त्यातल्या पिझ्झा हट आणि केएफसीच्या पाट्या उतरवून काल्पनिक दुकाने बसवली गेली, गाणीही बदलली. खेळ वाचला, त्याचा जुना आवाज मात्र गेला. 'फोर्झा होरायझन' मालिकेला हा उपाय नाही, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक बॉनेटवर कोणाचे ना कोणाचे नाव आहे. म्हणून पहिला भाग २०१६ साली विक्रीतून गेला, दुसरा २०१८ साली आणि तिसरा २०२० साली.

ज्यांनी आधी विकत घेतले त्यांचे खेळ अशा वेळी सहसा चालू राहतात. पण 'द क्रू'चे तसे झाले नाही. यूबीसॉफ्टने हा २०१४ सालचा खेळ डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हरही बंद केले. कारण देताना परवान्यांच्या अडचणींचाही उल्लेख केला. पैसे मोजलेल्यांच्या हाती काही उरले नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या विक्रेत्याला गिऱ्हाइकास सांगावे लागते की, 'विकत घ्या' असे लिहिले असले तरी तुम्हांला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. म्हणजे गिऱ्हाइकाचा परवाना कंपनीच्या परवान्यावर उभा, आणि त्याची मुदत गिऱ्हाइकाला ठाऊक नाही.

'फोर्झा होरायझन ४'ची विक्री १५ डिसेंबर २०२४ रोजी थांबली. ह्या खेळात ब्रिटन होते. एडिनबरोचे दगडी रस्ते होते, कॉट्सवोल्ड्सची गावे होती, आणि चारही ऋतू पाळीपाळीने येत असत. त्या गावांवर किंवा ऋतूंवर कोणत्याही मोटार-कंपनीचा हक्क नव्हता. गाड्यांबरोबर तेही दुकानातून गेले.