सहावा महिना कुणी ठरवला?

घरात चार-पाच महिन्यांचं बाळ असलं की एक वाद ठरलेलाच. आजी म्हणते, "पोर आपल्या तोंडाकडे टक लावून बघतंय, एखादा घास दे की त्याला." आशाताई नुकत्याच सांगून गेलेल्या असतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "आमच्या पोरीला चौथ्याच महिन्यात डबा सुरू केला होता, बघा कशी गुटगुटीत आहे." आणि बाळाची आई सगळ्यांचं ऐकत मधोमध बसलेली.

यात गंमत अशी आहे की अडाणी यातलं कुणीच नाही. प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या काळात डॉक्टरांनी, सरकारने नाहीतर शास्त्राने दिलेला सल्लाच सांगत असतो. फक्त प्रत्येकाचा काळ वेगळा. तेव्हा आज या आकड्याचाच इतिहास बघू. तो वाटतो तेवढा साधा नाही, आणि त्यात फक्त वैद्यक नाही, धंदा आणि राजकारणही आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. गृह्यसूत्रांमध्ये अन्नप्राशनाचा संस्कार सहाव्या महिन्यात सांगितलाय. सुश्रुत संहितेतही सहाव्या महिन्यात बाळाला हलकं आणि हितकर अन्न द्यावं असं आहे. काश्यप संहिता हा तर बालरोगांवरचाच ग्रंथ. त्यात सहाव्या महिन्यात फळ आणि अन्न त्यानंतर, साधारण दहाव्या महिन्यात, असा क्रम दिलाय. म्हणजे ग्रंथांमध्येही एकमत नव्हतं. आपल्याकडच्या उष्टावणात मामाच्या मांडीवर बसून खिरीचं बोट चाटायचं, ते मुलाचं सम महिन्यात, सहाव्या-आठव्या, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या-सातव्या, असा रिवाज बऱ्याच घरांत आहे. पोरगा आणि पोरगी यांच्या पोटात असा काही फरक नसतो, पण रिवाज आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या परंपरा सहाव्या महिन्याच्या आसपासच फिरतात. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला जेवू घाला असं कुणी म्हटलेलं नाही.

ते म्हटलं डब्याच्या जमान्याने.

१८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावात हेन्री नेस्ले नावाच्या माणसाने दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची पावडर करून बाळांसाठी विकायला काढली. ज्या बाळांना आईचं दूध मिळतच नव्हतं त्यांच्यासाठी ती उपयोगाचीही होती. पण बाजार एकदा उभा राहिला की तो गरजेपुरता थांबत नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत गर्बर कंपनीने बाळांसाठी गाळलेल्या भाज्यांचे डबे आणले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तिकडे वरचं सुरू करायचं वय सारखं खाली खाली येत गेलं. १९५३ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्टर सॅकेट नावाच्या डॉक्टरने तर जन्मानंतर दोन-तीन दिवसांत धान्याची पेज सुरू करण्याची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात छापून आणली. दोन-तीन दिवसांत! बाळ लवकर जेवायला लागलं म्हणजे आई हुशार, असं तेव्हा तिथल्या मध्यमवर्गाला वाटायचं. आपल्याकडच्या "गुटगुटीत बाळ" स्पर्धा आठवा, म्हणजे कळेल.

भारतात परदेशी डबे महाग होते, परकीय चलनही लागायचं. मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बेबी फूड बनवण्याचं तंत्र काढलं आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी संघाने अमूलचा डबा बाजारात आणला. म्हशीच्या दुधाचं असं काही होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. त्या अर्थाने तो देशाच्या अभिमानाचा डबा होता. आज सत्तरीत असलेल्या कितीतरी शहरी आयांच्या फडताळात तो असायचा. तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. डबा घेणं म्हणजे आधुनिक असणं, हे त्यांना सगळीकडून सांगितलं जात होतं.

या सगळ्याला पहिला मोठा विरोध केला तो एका बाईने. सिसिली विल्यम्स नावाची ही डॉक्टर १९३० च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करत होती. तिथे दोन-तीन वर्षांची मुलं अंगावर सूज येऊन, केस तांबूस होऊन मरत होती. तिथल्या बायकांकडे या आजाराला नाव होतं, क्वाशिऑरकॉर. पाठचं भावंडं आल्यावर अंगावरून तुटलेल्या लेकराचा आजार, असा त्याचा अर्थ. आईचं दूध सुटायचं आणि त्याजागी मिळायची नुसती मक्याची पेज. विल्यम्स बाईंनी त्या बायकांचं ऐकलं आणि तेच नाव वैद्यकाच्या पुस्तकात नेलं. पुढे त्या सिंगापूरला गेल्या. तिथे आयांना डब्याचं दूध खपवलं जाताना आणि त्यापायी बाळं दगावताना त्यांनी पाहिली. १९३९ मध्ये तिथल्या रोटरी क्लबसमोर त्यांनी भाषण केलं. त्याचं नाव होतं "दूध आणि खून". पाहुणे म्हणून बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंकडून यजमानांनी असं काही अपेक्षिलं नसणार.

पण जग हलायला आणखी पस्तीस वर्षं गेली. १९७४ मध्ये लंडनच्या "वॉर ऑन वॉन्ट" संस्थेने "द बेबी किलर" ही पुस्तिका काढली. गरीब देशांत स्वच्छ पाणी नाही, इंधन नाही, महागडा डबा पुरवायला आई त्यात पाणी वाढवते, आणि बाळ जुलाबाने जातं, हे त्यात मांडलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये तिचं भाषांतर "नेस्ले बाळं मारते" अशा अर्थाच्या नावाने निघालं. कंपनीने बदनामीचा खटला भरला आणि १९७६ मध्ये जिंकलाही. पण न्यायाधीशांनी कंपनीलाच जाहिरातीची पद्धत बदलण्याचा विचार करा म्हणून सुनावलं. १९७७ पासून अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. शेवटी मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एक. तो एक म्हणजे अमेरिका.

जाहिरातीला लगाम लागला. पण वरचं नक्की कधी द्यायचं, हा प्रश्न उरलाच. तेव्हाचं अधिकृत उत्तर होतं "चार ते सहा महिने". आता घरातली आजी चार महिन्यांचं का म्हणते ते कळलं? ती बाळंत झाली तेव्हा डॉक्टर तेच सांगत होते.

चार की सहा, हे दोन महिने म्हणजे छोटी गोष्ट नाही. डब्यावर "चौथ्या महिन्यापासून" छापलं की "सहाव्या महिन्यापासून", यावर प्रत्येक बाळामागे दोन महिन्यांचा धंदा ठरतो. म्हणून मग पुरावा लागला. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये गरीब घरांतल्या बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींना चार महिन्यांपासून स्वच्छ, बंद डब्यातलं अन्न दिलं, काहींना सहा महिने फक्त आईचं दूध. १९९४ मध्ये निष्कर्ष आला. वजन-उंचीत काही फरक नाही. वरचं खाणारं बाळ तेवढं आईचं दूध कमी प्यायचं, इतकंच. म्हणजे भर पडत नव्हती, अदलाबदल होत होती. बेलारूसमध्ये सतरा हजारांवर बाळांचा पाठपुरावा झाला. तिथे सहा महिने निव्वळ अंगावर असलेल्या बाळांना, तीन महिन्यांनी दुसरं काही सुरू केलेल्या बाळांपेक्षा जुलाबाचे आजार कमी दिसले. अशा सगळ्या पुराव्याचा आढावा घेऊन २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने "चार ते सहा" सोडलं आणि "सहा" धरलं. युरोपातले बालरोगतज्ज्ञ अजूनही चारच्या आधी नको आणि सहाच्या पुढे नको, असं म्हणतात. पण तिथलं नळाचं पाणी आणि आपलं पाणी यातला फरक मी सांगायला नको.

यात महाराष्ट्राचाही हात आहे, आणि ते फार जणांना माहीत नाही. स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने बेबी फूड आणि दुधाच्या बाटल्यांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. मोफत नमुने, भेटवस्तू यांना त्याने चाप लावला. पण त्या कायद्यातसुद्धा बाळाच्या पूरक आहाराची व्याख्या "चार महिन्यांनंतर" अशीच होती. ती "सहा महिन्यांनंतर, दोन वर्षांपर्यंत" व्हायला २००३ ची दुरुस्ती लागली. म्हणजे आशाताईंचा आकडा कायद्यात येऊन अजून पंचवीस वर्षंही झालेली नाहीत.

इथपर्यंत गोष्ट जिंकल्याची आहे. पण बातमी पुढेच आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर आहेत. आधीच्या फेरीत हे ५४.९ होतं, म्हणजे सुधारणा चांगली. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत घट्ट किंवा मऊ अन्न मिळणारी फक्त ४५.९ टक्के. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळतो तो जेमतेम ११.३ टक्क्यांना. आपण "सहाच्या आधी नको" हे पाठ केलं, पण "सहा झाले की लगेच द्या" हे अर्धवट राहिलं. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो, आईच्या दुधात लोह थोडंच असतं. तेव्हा वरणाचं नुसतं पाणी आणि भाताची पातळ पेज देऊन भागत नाही. पोट इवलंसं, पाण्यानेच भरतं. गोल्ड कोस्टमधल्या मक्याच्या पेजेची गोष्ट तीच होती. चमच्यावरून घरंगळणार नाही असा वरण-भात, मुगाची मऊ खिचडी वर तूप किंवा तेल, कुस्करलेली पालेभाजी, चालत असेल त्यांच्यात अंडं, हे सगळं घरातलंच आहे. सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, सोबत अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत. मध मात्र वर्षाच्या आत नको. बाळाची मान धरत असेल, आधाराने बसत असेल, जिभेने घास बाहेर ढकलत नसेल, तर ते तयार आहे. बाळ दिवस कमी भरून जन्मलेलं असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना विचारा.

आता शेवटचं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं. हा निर्णय आईचा, असं आपण म्हणतो. २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. विज्ञान आणि कायदा एका जागी आले. पण कुणासाठी? दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांतल्या बाईसाठी. आपल्या भागातून दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला कोण देणार सहा महिने? तिचं बाळ फडाच्या कडेला, साडीच्या झोळीत. अंगणवाडी गावात राहिली, ताई गावात राहिल्या, आहाराचं पाकीटही गावातच राहिलं. मातृ वंदना योजनेतले पहिल्या बाळाचे पाच हजार रुपये उचलीपुढे किती टिकणार? तिला "सहा महिने पाणीसुद्धा नको" असं सांगणं सोपं आहे. तिथे दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला जवळ घ्यायला वेळ कोण देतो, हे विचारणं अवघड आहे.

पुढच्या हंगामाच्या आधी आपल्या लोकप्रतिनिधींना आणि साखर कारखान्यांच्या संचालकांना हा एकच प्रश्न विचारूया : तळावर पाळणाघर आणि गरम आहार कधी?

तुमच्याकडे उष्टावण कितव्या महिन्यात करतात आणि पहिला घास कशाचा देतात, तेही खाली जरूर लिहा. आज्यांना विचारून लिहिलंत तर जास्तच बरं.