कमांड गप्प होती

(३१ जानेवारी २०१७. सर्व वेळा यूटीसी.)

१७:२० – गिटलॅब डॉट कॉमचा एक इंजिनियर चाचणीसाठी प्रॉडक्शनच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट हाताने काढतो. ठरलेला स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच निघतो. याला ताजा डेटा हवा आहे.

१९:०० – डेटाबेसवर ताण. स्पॅमचा संशय.

२३:०० – दुय्यम सर्व्हर डीबी२ इतका मागे पडलाय, की त्याला हव्या असलेल्या नोंदी मुख्य डीबी१वरून पुसल्याही गेल्या. आता डीबी२ची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी_बेसबॅकअपने सगळी प्रत नव्याने आणायची. कमांड आधी तक्रार करते, मॅक्स_वॉल_सेंडर्स कमी आहे. ३चे ३२ केले. मग पोस्टग्रेसच सुरू होईना. मॅक्स_कनेक्शन्स ८००० होते, ते २०००वर आणले. पुन्हा पीजी_बेसबॅकअप.

काहीच नाही. एरर नाही, एक ओळ नाही. एसट्रेस लावूनही पत्ता लागत नाही.

खरे तर बिघडलेले काही नव्हते. मुख्य सर्व्हर डेटा पाठवू लागेपर्यंत ही कमांड मुकाट थांबते. हेल्प मागितली तर ती सगळे पर्याय ओळीने मांडते, चेकपॉइंट ‘फास्ट’ हवा की ‘स्प्रेड’ हेसुद्धा. पण मी बराच वेळ बोलणार नाही, घाबरू नका, हे तिथे नव्हते. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात नव्हते आणि गिटलॅबच्या स्वतःच्या रनबुकातही नव्हते. हेल्प लिहिणारे बहुधा पर्यायांची यादी देऊन मोकळे होतात. रात्री उशिरा टर्मिनलसमोर बसलेल्याला पर्याय नको असतात, आत काय चाललेय ते हवे असते.

२३:३०च्या सुमारास – आधीच्या प्रयत्नांत डिरेक्टरीत काही फायली पडल्या असतील, असा इंजिनियरचा तर्क. तसे असते तर कमांडने एरर दिली असती, पण आता तिचा भरवसा कोण धरणार? तो डिरेक्टरी उडवतो. एक-दोन सेकंदांत ध्यानात येते, हा डीबी१ आहे. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी शिल्लक.

त्यानंतर – बॅकअप शोधले, तर ते जिथे साठायला हवे होते त्या एस३वर काही नाही. बॅकअप काढणारा पीजी_डंप पोस्टग्रेस ९.२चा, डेटाबेस ९.६चा, म्हणून तो रोज फसत होता. तो बोलत होता, पण त्याचे एररचे मेल डीमार्क या मेल-तपासणीमुळे नाकारले जात होते.

१ फेब्रुवारी, १८:००च्या सुमारास – साइट परत उभी, त्याच १७:२०च्या स्नॅपशॉटवरून. त्यानंतरचे सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि ७०० नवी खाती गेली. गिट रिपॉझिटरी वाचल्या.

पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात आता स्पष्ट लिहिलेय, की सुरुवातीला चेकपॉइंट होईपर्यंत पीजी_बेसबॅकअप निष्क्रिय वाटू शकते. व्हर्बोज पर्याय दिला, तर आपण थांबलोय हे ती स्वतःच छापते.