पायलीपासून बचतवहीपर्यंत

'अंदाजपत्रक' हा शब्द आम्ही सहसा सरकारच्या संदर्भात वापरतो. परंतु मांजरा आणि गोदावरीच्या काठी, आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांत, हा शब्द कानी पडण्यापूर्वीच कित्येक पिढ्यांच्या गृहिणींनी आपापल्या घराचे अंदाजपत्रक आखले आणि पाळलेही. ते कसे पाळले गेले, हे आजच्या संसारांनी जाणून घेण्यासारखे आहे.

शेतकऱ्याच्या घरी मिळकत यायची ती सुगीला. म्हणून हिशेब महिन्याचा नसे, वर्षाचा असे. सालगड्याचा करारदेखील पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा वाटा निघे, बियाणे वेगळे राखले जाई आणि उरलेली ज्वारी बळदात किंवा पेवात जाई. घरातील बाई पायली-अधोलीने मोजून धान्य काढी. कागदावर नोंद नसे. परंतु धान्य किती खाली गेले ते तिच्या डोळ्यांसमोर असे. बियाण्याला मात्र कोणीही हात लावायचा नाही. ते खाल्ले तर मृगात सावकाराचे दार ठोठवावे लागे आणि सवाई-दिडीने परतफेड करावी लागे.

पैशाचा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा होता. निजामाच्या मुलखात हाली रुपया चाले, तर इंग्रजी मुलखात कलदार; सात हाली म्हणजे सहा कलदार. 1911 साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि आडतीतला माल बाहेर जाणे सोपे झाले. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, तरी हाली चलन 1959 पर्यंत टिकून होते. दरम्यान 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले आणि पुढे शेर-पायलीची जागा किलो-लिटरने घेतली. थोड्याच वर्षांत गृहिणीच्या हातातील नाणे आणि माप दोन्ही बदलले. तरीही आधी बियाणे, मग देणे, मग वर्षाची बेगमी आणि शेवटी हौसमौज, हा क्रम शहाण्या घरांनी मोडला नाही.

नांदेडच्या उस्मानशाही मिलमधील कामगाराच्या घरी वेगळीच अडचण होती. तेथे पगार रोखीने येई. बळदातील ज्वारी खाली जाताना दिसते. पैसा मात्र हातातून केव्हा निसटला हे कळत नाही, आणि वाण्याच्या वहीत उधारी चढत जाते. आम्हांस वाटते, नोकरदार घराला लेखी हिशेबाची गरज येथूनच निर्माण झाली. बळद जे काम करीत असे, ते आता वहीने करायचे होते.

1972 च्या दुष्काळात बळदेच रिकामी झाली. मे 1973 मध्ये राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वर्षाचा हिशेब आठवड्याच्या मजुरीवर आला. पुढे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गेली आणि त्यांची बेगमीही गाडली गेली. घरे पुन्हा उभारताना 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना त्या कामात सहभागी करून घेतले.

त्याच दशकात बचत गटांची चळवळ वाढू लागली. गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने 1992 साली सुरू केला होता. गटाची रीत साधी : ठरलेली रक्कम दरमहा भरायची आणि तिची नोंद सर्वांसमक्ष करायची. मनाशी केलेला निश्चय सहज मोडतो. दहाजणींसमोर दिलेला शब्द मोडताना संकोच वाटतो. अंदाजपत्रक आखण्यापेक्षा ते पाळणे कठीण असते, आणि त्या कामी या संकोचाने मोठी मदत केली.

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. तिने सुमारे 5 लाख लिटर पाणी आणले. ज्या लोहमार्गाने एके काळी लातूरचे धान्य बाहेर गेले, त्याच बाजूने आता पाणी आत आले. त्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या कुटुंबांच्या जमाखर्चात एक नवा रकाना पडला. असा एखादा रकाना अनपेक्षित खर्चासाठी आधीच मोकळा ठेवणे हीच खरी तरतूद होय.

आज नांदेड-लातूरच्या पालकांपुढे शिकवणी वर्गांची फी आहे, कर्जाचे हप्ते आहेत. पगाराच्या दिवशी आपण प्रथम काय बाजूला काढतो? उरले तर साठवू, असे म्हणणाऱ्याचे सहसा काही उरत नाही. पहिल्याच दिवशी आपले 'बियाणे' वेगळे काढावे, उरलेल्यात महिना बसवावा आणि शनिवारी वा रविवारी घरातील सर्वांनी, मुलांनाही सोबत घेऊन, वही उघडून वाचावी. ज्या घरात हिशेब सर्वांना ठाऊक असतो, त्या घरात 'नाही' हा शब्द मुलांनाही समजतो.