शिंदे, सिंदिया आणि एस-५३०

पिंपळगाव बसवंतचे एखादे कुटुंब अस्थिविसर्जनासाठी नाशिकला रामकुंडावर गेले, की क्षेत्रोपाध्याय आधी गाव आणि आडनाव विचारतात. मग वही निघते. पूर्वी येऊन गेलेले आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, मुले असे सारे तीत सापडतात. शेतकरी घराची वंशावळ इतक्या सहज मिळावी, ही मोठीच सोय आहे.

अडचण येते ती जुन्या पानांवर. ती मोडीत असतात. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचे, शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वारही पुष्कळदा गाळलेला. त्यामुळे ‘शिंदे’ शोधणाऱ्याला ‘शीदे’ दिसते आणि हे आपले नव्हेत असे समजून तो पान उलटतो.

इंग्रजांनी आणखी भर घातली. कानाला ऐकू आले तसे त्यांनी लिहिले. शिंद्यांचे ‘सिंदिया’ झाले, भोसल्यांच्या नावात कुठे ‘न’ आला तर कुठे नाही, आणि बडोद्याच्या गायकवाडांचे ‘गायकवार’ व ‘ग्विकोवार’ झाले. ‘ड’चा उच्चार त्यांना ‘र’सारखा वाटला.

अशी बदललेली नावे एकत्र आणण्यासाठी रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ मध्ये एका पद्धतीचे पेटंट घेतले. तिचे पुढचे रूप म्हणजे ‘साउंडेक्स’. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांचे सहा गट. प्रत्येकाला एक अंक. लागोपाठ एकाच गटातील अक्षरे आली तर ती एकच धरायची. तीन अंक झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्य. या रीतीने इंग्रजीतील ‘शिंदे’ आणि ‘सिंदिया’ दोन्हींचा संकेत एस-५३० येतो! पण ‘गायकवाड’चा जी-२३० आणि ‘गायकवार’चा जी-२६०. भोसले तर बी-२४० आणि ‘न’ घातल्यास बी-५२४. म्हणजे यंत्र तेथे चुकते.

असाच अनुभव पोलंड व पूर्व युरोपातील ज्यू घराण्यांना आला. पोलिश लिपीत डब्ल्यूचा उच्चार ‘व्ह’ होतो. अमेरिकेत गेल्यावर एका भावाने डब्ल्यू ठेवला, दुसऱ्याने व्ही केला, की संकेत निराळे. म्हणून १९८५ मध्ये डाइच आणि मोकोटॉफ यांनी त्या नावांसाठी वेगळे कोष्टक केले. युरोपातील रोमा लोकांना मात्र आडनावांचा उपयोग थोडाच. ती बहुधा त्या त्या देशातली. त्यांचे भारतीय मूळ १७८२ मध्ये रुडिगरने दाखवले ते भाषेवरून. त्यांच्याही बोलीत पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात.

हे सारे शिक्षकांना सांगण्याचे कारण आहे. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद लागते, आणि ती बहुधा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांसाठी मोडी वाचणारे शोधावे लागले. गुरुजींनी घाईत लिहिलेली एक वेलांटी चार पिढ्यांनंतर नातवाला तहसील कचेरीत हेलपाटे घालायला लावते.

मराठीसाठी असे कोष्टक नववी-दहावीच्या मुलांकडून करवून घेता येईल. ड, र, ळ, ल एका गटात घालावेत का, अनुस्वार मोजावा का, यावर वर्गात चांगला वाद होईल. सुरुवात गायकवाडांपासून करावी.