निषिद्ध प्रदेशाचा नकाशा

१९५२ साली ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले, तेव्हा मद्रास विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाची सूत्रे जेमतेम तिशीच्या एका प्राध्यापकाने नुकतीच हाती घेतली होती. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकले होते आणि केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन स्वदेशी परतले होते. कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचा त्यांच्यावर विश्वास होता, क्ष-किरणांची प्रयोगशाळाही उभी राहत होती. परंतु तिच्यात कोणता प्रश्न सोडवायचा, हे अद्याप निश्चित व्हायचे होते. बोलण्याच्या ओघात बर्नाल यांनी कोलॅजेनचा विषय काढला. त्वचा, अस्थी आणि कंडरा ज्या प्रथिनाच्या बनलेल्या असतात, त्याची रचना तोवर कोणालाही समाधानकारकपणे उलगडलेली नव्हती.

याच बर्नाल यांनी १९४७ साली लंडनमधील एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले होते की, आदिम समुद्रातील विरल सेंद्रिय रेणू चिकणमातीच्या थरांवर गोळा झाले असावेत आणि तेथेच ते एकमेकांस जोडले गेले असावेत. जीवसृष्टी कशी उगवली आणि प्रथिनाची साखळी कशी वळते, हे दोन प्रश्न त्यांच्या मनात एकत्र नांदत होते. मद्रासने त्यांतील दुसरा प्रश्न घेतला.

हा प्रश्न समजण्यासाठी पेप्टाइड बंधाकडे पाहावे लागते. एका ॲमिनो आम्लाचे एक टोक दुसऱ्याच्या दुसऱ्या टोकाला भिडते, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन व नायट्रोजन यांच्यामध्ये बंध तयार होतो. एमिल फिशर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा लहान साखळ्या प्रयोगशाळेत घडवल्या आणि त्यांना पेप्टाइड हे नावही दिले. पुढे लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी लहान रेणूंच्या स्फटिकांची मोजमापे घेऊन दाखवून दिले की, हा बंध साध्या एकेरी बंधापेक्षा आखूड, सुमारे १.३२ अँगस्ट्रॉम असतो. त्याला अंशतः दुहेरी बंधाचे रूप असते, म्हणून तो सहजी पिळता येत नाही. त्याच्याभोवतीचे सहा अणू एका प्रतलात ताठ राहतात. अशा ताठ पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडाव्यात तशी प्रथिनाची साखळी असते. प्रत्येक सांध्यावर हालचालीला दोनच कोन मोकळे राहतात; आज त्यांना फाय आणि साय म्हणतात. १९५१ साली पॉलिंग यांनी याच आधारावर आल्फा सर्पिल मांडले.

रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरा घेऊन क्ष-किरण चित्रे काढली आणि १९५४ साली 'नेचर'मध्ये कोलॅजेनच्या तीन धाग्यांची रचना प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तिला एकमेकांभोवती गुंफलेल्या तिपेडी दोराचे रूप मिळाले. दर तिसऱ्या जागी ग्लायसीन का असावे लागते, याचे उत्तर त्यात होते: तिन्ही पेड जिथे मध्यभागी भिडतात, तिथे त्याहून मोठ्या घटकाला जागाच नसते. परंतु १९५५ मध्ये केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला. तिपेडी कल्पना त्यांना मान्य होती. मात्र मद्रासच्या प्रतिकृतीत काही अणू एकमेकांच्या फार निकट आले आहेत, आणि दर तीन घटकांमागे दोन नव्हे, तर एकच हायड्रोजन बंध संभवतो, असे त्यांचे म्हणणे होते. श्रेयही बरेचसे केंब्रिजच्या पदरात पडले. रामचंद्रन यांना हे जिव्हारी लागले असल्यास नवल नाही.

त्यांनी या आक्षेपाचे जे केले, त्याला विज्ञानाच्या इतिहासात फारशा जोड्या सापडत नाहीत. 'फार निकट' म्हणजे किती निकट, हा प्रश्न त्यांनी विचारला. प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना चाळून बंधाने न जोडलेले दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याची त्यांनी कोष्टके केली. दोन हायड्रोजन अणूंमध्ये साधारणतः २.० अँगस्ट्रॉम, अगदी ताणून १.९, दोन कार्बन अणूंमध्ये ३.२, ताणून ३.०. मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी दोन्ही कोन थोडेथोडे फिरवत प्रत्येक स्थितीत अणू एकमेकांवर आदळतात की नाही, हे तपासले. विद्यापीठात संगणक नव्हता. सगळा हिशेब मेजावरच्या गणकयंत्रांवर झाला. रेणूंच्या संगणकीय प्रतिकृतींचा इतिहास सांगताना ही बाब विसरू नये. यंत्र यायच्या आधी रीत आली होती.

१९६३ साली 'जर्नल ऑफ मॉलेक्युलर बायॉलॉजी'मध्ये छापून आलेला तो चौकोनी नकाशा आज जगभर रामचंद्रन आलेख म्हणून ओळखला जातो. त्याचे तीन चतुर्थांशांहून अधिक क्षेत्र निषिद्ध ठरले. प्रथिनाला वावरायला उरली ती दोन-तीन बेटे: एकावर आल्फा सर्पिल, दुसऱ्यावर ताणलेल्या पट्ट्या आणि कोलॅजेन, आणि एक छोटेसे बेट डाव्या वळणाच्या सर्पिलाचे. जॉन केंड्र्यू यांनी उलगडलेल्या मायोग्लोबिनचे कोन मांडून पाहिले, तेव्हा बहुतेक सारे याच बेटांवर उतरले. क्रिक आणि रिच यांचा एका बंधाविषयीचा मुद्दा मात्र टिकला. रामचंद्रन यांनी १९६८ साली दुसरा बंध पाण्याच्या रेणूमार्फत जुळत असावा, असे सुचवले. १९९४ मध्ये कोलॅजेनसदृश पेप्टाइडचा स्फटिक उलगडला, तेव्हा साखळ्यांना जोडणारे पाण्याचे असे पूल त्यात खरोखरच आढळले.

या नकाशाकडे जीवाच्या उगमाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचा तिरपेपणा डोळ्यांत भरतो. ग्लायसीनला डावे-उजवे नसते, म्हणून त्याचा नकाशा मध्यबिंदूभोवती समतोल असतो, आणि विस्तृतही. इतर ॲमिनो आम्लांचे तसे नाही. सजीवांची प्रथिने ज्या डाव्या घडणीच्या आम्लांची बनतात, त्यांच्या नकाशात बेटे एकीकडे झुकलेली असतात. उजव्या घडणीचा नकाशा म्हणजे तोच कागद उलटा फिरवलेला. स्टॅनली मिलर यांनी १९५३ साली शिकागोत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांच्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या पाडून ॲमिनो आम्ले मिळवली, त्यांत दोन्ही घडणी सारख्याच होत्या. दोन्हींची सरमिसळ झालेल्या साखळीला एकाच दिशेचे लांब सर्पिल धरणे अवघड जाते. निवड कधी आणि कशी झाली, ते नकाशा सांगत नाही. निवड का करावी लागली असावी, याची एक खूण तेवढी त्यात आहे.

त्याहून कठीण अडचण पाण्याची. बंध जुळताना पाणी बाहेर पडते. अर्थात भोवती पाणीच पाणी असता तोल बंध तुटण्याकडे राहतो. समुद्राने प्रथिने घडवली, हे विधान त्यामुळे ऐकायला जितके सोपे, तितकेच रसायनदृष्ट्या संकटाचे. बर्नाल यांची चिकणमाती हा त्यावरचा एक तोड होता. १९९८ साली क्लाउडिया ह्यूबर आणि म्युनिकचे पेटंट-वकील गुंटर व्हेख्टरशॉयझर यांनी लोह-निकेलच्या सल्फाइडांवर, कार्बन मोनॉक्साइडच्या सान्निध्यात, पाण्यातच लहान पेप्टाइडे जुळवून दाखवली. त्यानंतर जर्मनीत बोखुम येथे डोमिनिक मार्क्स, निशांत नायर आदींनी समुद्रतळाजवळच्या तप्त, दाबाखालच्या पाण्यात पायराइटच्या पृष्ठभागावर ही क्रिया कशी घडेल, ते पुंजयामिकीच्या आधारे संगणकावर पायरीपायरीने चालवून पाहिले. मद्रासच्या गणितात अणू हे कठीण गोळे होते; इथे इलेक्ट्रॉनही हिशेबात आले. असे हिशेब वाट शक्य आहे का ते सांगतात. पृथ्वी त्या वाटेने गेली का, हे त्यांना सांगता येत नाही, आणि जाणते संशोधक तसा दावाही करीत नाहीत.

रामचंद्रन १९७०च्या सुमारास बंगलोरला भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत निवर्तले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही. यंत्राने भाकीत केलेली प्रथिनांची रचना ग्राह्य आहे की नाही, हे तपासताना आजही त्यांचा आलेख उघडला जातो.

त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, २००० साली, थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने पेशीतल्या रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाची रचना प्रसिद्ध केली. पेप्टाइड बंध जिथे प्रत्यक्ष जुळतो, त्या जागेच्या सुमारे १८ अँगस्ट्रॉम परिघात एकही प्रथिन आढळले नाही. होते ते केवळ आरएनए.