नाण्यांची झीज मोजणारा गणितज्ञ: ‘आर्ट्स घेऊन काय करणार?’

आजच्या भागाआधी एक छोटं काम करा. घरात देवघरात नाहीतर गल्ल्यात एखादं जुनं नाणं असेल, ते हातात घ्या. यूपीआयच्या जमान्यात शोधावं लागेल, माहितीये. सापडलं? आता कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत झालीये ना? ते नाणं हजारो हातांतून फिरलंय आणि दर वेळी कणाकणाने झिजलंय.

हे आपल्या सगळ्यांनाच दिसतं. पण पुण्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला त्यावरून प्रश्न पडला: या झिजेवरून नाणं किती काळ फिरलं ते सांगता येईल का? त्या प्राध्यापकाचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींची गोष्ट आज का? कारण बारावीचा निकाल लागला की घराघरात एक प्रश्न हमखास येतो: ‘आर्ट्स घेऊन काय करणार?’ हल्ली त्यात ‘लिबरल आर्ट्स’ या नव्या शब्दाची भर पडलीये. काहींना तो श्रीमंतांच्या कॉलेजांचा शौक वाटतो, काहींना सायन्स न झेपणाऱ्यांची पळवाट.

आधी शब्द समजून घेऊ. लॅटिन ‘लिबर’ म्हणजे स्वतंत्र. गुलाम नसलेल्या माणसाला जे यायला हवं, ते शिक्षण. म्हणजे मुळात ही कल्पना सगळ्यांसाठी नव्हतीच, हेही लक्षात ठेवा. पुढे मध्ययुगीन युरोपात तिची सात विषयांची यादी पक्की झाली: व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. बघा, सातातले तीन विषय तर आज आपण सरळ ‘सायन्स साइड’ला टाकू! आर्ट्स विरुद्ध सायन्स ही भिंत नंतरची आहे.

आता कोसंबींकडे. जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून निघाले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावलं, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत अमेरिकेला गेला. नंतर तो स्वतःही हार्वर्डमध्ये शिकला. जॉर्ज बर्कहॉफ या नामांकित गणितज्ञाने त्याला सल्ला दिला की एकाच विषयावर लक्ष दे. दामोदरने ऐकलं नाही. नाना विषय घेतले, त्यात चमकला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला.

तुम्ही म्हणाल, हुशार मुलगा होता, जमलं. थांबा, खरी गंमत पुढे आहे.

भारतात परतल्यावर बनारस, अलिगढ असं करत १९३३ च्या सुमारास ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना हात घालायला काहीतरी खरंखुरं हवं होतं. त्यांनी नाणी निवडली. टांकसाळीतून निघताना नाण्यांचं वजन जवळपास सारखं असतं. वापरात आली की सरासरी वजन घटत जातं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो, कारण सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. आधी चलनातल्या नाण्यांवर हे तपासून पाहिलं. मग तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी तराजूत टाकली. या नाण्यांवर राजाचं नाव नसतं, नुसते ठसे असतात. कुठले ठसे आधीचे आणि कुठले नंतरचे, याचा अंदाज वजनावरून बांधता येऊ लागला.

पण गणित एका जागी अडलं. नाणं जुनं आहे हे कळलं, ते पाडलं कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ हवेत, ग्रंथांसाठी संस्कृत हवं. मग हा माणूस संस्कृतात उतरला, तोही इतका की १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. पण ग्रंथ तरी कोणाबद्दल सांगतात? बहुतेक वरच्या वर्गाबद्दल. बाकीच्यांचं काय? म्हणून ते पुण्याभोवतीच्या डोंगरांत पायी फिरले, वाड्यावस्त्यांवर लोकांशी बोलले, देवीची ठाणी पाहिली, अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा केली. पालखीच्या वाटेलगतही ती सापडली. म्हणजे माणसांची ये-जा तिथे वारीच्या कितीतरी आधीपासून असावी, असं त्यांनी मांडलं.

या सगळ्यातून १९५६ चं त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं. राजा कोण होता, यापेक्षा लोक काय पिकवत होते आणि ते कोणाच्या पदरात पडत होतं, हा प्रश्न त्याने मध्यभागी आणला. आणि गणित सुटलं नव्हतं, बरं का! गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे काढायचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

आता दुसरी बाजूही सांगतो. याची किंमत त्यांनी मोजली. रीमान गृहीतक या गणितातल्या अतिशय अवघड कोड्याची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी केला, तो चुकीचा निघाला आणि नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरीही संपली. दहा विषयांत वाचन आहे म्हणून अकराव्यात चूक माफ होत नाही. शिवाय हार्वर्ड काही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

मग आपण काय घ्यायचं? २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर फिजिक्ससोबत इतिहास घेणं कागदावर तरी सोपं झालंय. पण दोन्हीकडचे क्रेडिट गोळा केले म्हणजे झालं, असं नाही. कोसंबींनी विषय गोळा केले नाहीत. त्यांनी एक प्रश्न धरला आणि तो ज्या दारात घेऊन गेला, तिथली विद्या पहिल्यापासून, घाम गाळून शिकली. माझ्या मते लिबरल आर्ट्सचं मोल तेवढंच आहे आणि ते डिग्रीच्या नावावर ठरत नाही. कोडिंग करणाऱ्यालाही ते लागतं, इतिहास वाचणाऱ्यालाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारलं, ‘आर्ट्स घेऊन काय करणार?’, तर चिडू नका. आधी स्वतःला विचारा: माझा असा कुठला प्रश्न आहे, जो माझ्या विषयाच्या कुंपणाशी येऊन अडलाय? सापडला तर कमेंटमध्ये नक्की लिहा, मी वाचतो. भेटूया पुढच्या भागात. तोवर ते नाणं परत गल्ल्यात ठेवा!