नकाराचें चित्र

भिवंडी तालुक्यांतील मानकोली हें गांव आज गोदामांसाठीं ओळखलें जातें. परंतु त्या बाजूच्या आगरी समाजांत लग्नविधीच्या वेळीं धवले गाणाऱ्या धवलारिणीचा मान मोठा. तेथील आमच्या एका विद्यार्थ्याची आजी धवलारीण. तिच्या तोंडचे धवले त्यानें वहींत उतरून घेतले, आणि मुखपृष्ठासाठीं संगणकाकडून धवलारिणीचें चित्र मागितलें. यंत्रानें भरजरी घागरा ल्यालेली, सहा बोटांची एक बाई पुढें उभी केली! त्यानें सूचनेंत ‘घागरा नको’ असें घातलें, तों घागरा अधिकच झळकूं लागला.

हें कां व्हावें, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. म्यूनिक विद्यापीठांतील संशोधनांतून निघालेलें ‘स्टेबल डिफ्यूजन’ हें चित्रयंत्र ऑगस्ट २०२२ मध्यें सर्वांस खुलें झालें. तें निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करून पायरीपायरीनें चित्र साफ करीत आणतें. त्याचें शिक्षण कोट्यवधि चित्रांवर व त्यांखालील, बहुतांशीं इंग्रजी, ओळींवर झालें. शब्द त्यास आंकड्यांच्या रूपानेंच कळतो. पहिल्या आवृत्तींत शब्दाच्या प्रत्येक तुकड्यामागें ७६८ आंकडे. यालाच एम्बेडिंग म्हणतात. अशा यंत्रास ‘घागरा’ चांगला कळतो, ‘नको’ मात्र जवळजवळ कळतच नाहीं.

यावर तोड सांपडली ती आडवाटेनें. हो आणि सॅलिमन्स या दोघां संशोधकांनीं २०२१ सालीं अशी रीत मांडली होती कीं, प्रत्येक पायरीस यंत्रानें दोन अंदाज करावे, एक आपल्या शब्दांसह व एक शब्दांवांचून, आणि त्या दोहोंतील फरक वाढवून पहिल्याच्या दिशेनें जावें. दुसऱ्या अंदाजाची ती रिकामी जागा पुढें लोकांनीं नकोशा शब्दांनीं भरली. मग यंत्र त्या शब्दांपासून दूर सरकूं लागलें. हाच निगेटिव्ह प्रॉम्प्ट. (फोटोग्राफरच्या काचेवरील निगेटिव्हशीं याचा कांहीं संबंध नाहीं.) ‘वाईट हात, धूसर, कुरूप’ अशा लांबलचक याद्या मंत्राप्रमाणें हातोहात फिरूं लागल्या. कित्येकांनीं तर निकृष्ट चित्रांचा ढीग यंत्रास दाखवून सगळा नकार एकाच शब्दाच्या एम्बेडिंगमध्यें कोंबला.

आमच्या विद्यार्थ्यानेंही अशी एक तयार यादी उतरून घेतली व तींत ‘घागरा’ जोडला. बोटें पांच झालीं, घागरा गेला. त्याबरोबर आजीच्या सुरकुत्याही गेल्या! यादी करणाऱ्या कोणा अज्ञात गृहस्थानें सुरकुत्या कुरूपांत जमा केल्या होत्या. आम्हांस या विद्येंतील खरी धास्ती वाटते ती हीच. सहावें बोट सर्वांसच नको असतें. पण कुरूप कोणतें, हें कोणी ठरविलें?

असा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत शिलाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर बसल्या आणि देवीचें रूप असेंच, असें डोळ्यांस वळण पडलें. जें फार छापलें जातें तें खरें वाटूं लागतें. मात्र त्या चित्रांखालीं रविवर्म्याचें नांव तरी असे.

शिवाय नकारानें यंत्रास ठाऊक असलेलेंच वगळतां येतें; धवलारीण तर त्यास ठाऊकच नव्हती. तिच्यासाठीं दुसरा उपाय हवा होता, आणि तोही ऑगस्ट २०२२ मध्येंच तेल अवीव विद्यापीठाच्या व एनव्हिडियाच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केला. वस्तूचीं तीन ते पांच चित्रें द्यावींत; यंत्राचें बाकीचें ज्ञान न हालवितां केवळ एका नव्या शब्दाचे आंकडे त्यास शोधूं द्यावे. ७६८ आंकडे म्हणजे सुमारें तीन किलोबाइट. एवढ्यांत आजी मावली.

विद्यार्थ्यानें तिचे लग्नांतील पांच फोटो दिले, उसनी यादी टाकून दिली आणि निषेधांत केवळ घागरा व जादा बोटें ठेविलीं. या वेळीं लुगडें आलें, सुरकुत्या आल्या, हातही नीट आला. चित्र पाहून आजीनें एवढेंच विचारलें कीं, ही धवला म्हणते आहे तर हिचें तोंड मिटलेलें कसें? त्यानें ते फोटो पुन्हां काढून पाहिले. पांचही फोटोंत ती कॅमेऱ्यासाठीं गाणें थांबवून उभी होती.